ईश्वरप्पाचा डावा हात आणि सर्दलेल्या काड्या

दुपारी तीनच्या सुमारास ईश्वरप्पाने चुकीचा डबा उघडला. साल १९७९, महिना जानेवारी. सोलापुरातली गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती. डब्यात देवीच्या चित्रपटाचं रीळ असायला हवं होतं. ते नव्हतं. जे होतं ते ईश्वरप्पाने माझ्यावर चढवलं, आणि त्या दुपारपासून तो पूर्वीसारखा माझा राहिला नाही.

मित्रांनो, मी सोळा मिलिमीटरचा एक जुना प्रोजेक्टर आहे. माझी जुळणी मुंबईच्या एका कारखान्यात झाली. भिंग तेवढं परदेशी, बाकी सगळा मी देशी. पहिली काही वर्षं मी सरकारी गाडीतून हिंडलो आणि गावोगावच्या शाळांच्या भिंतींवर बियाण्यांची, लसींची चित्रं दाखवली. गाडी मोडीत निघाली तेव्हा माझाही लिलाव झाला. नातेपुत्याच्या बाळासोंनी मला घेतलं. त्यांची टुरिंग टॉकीज होती. दिवाळीपासून पावसापर्यंत तंबू जत्रांमागे फिरायचा आणि पावसाळाभर सारं सामान सोलापूरच्या गोदामात पडून असायचं.

ईश्वरप्पा हा बाळासोंचा ऑपरेटर. त्याआधी तो सोलापुरात गिरणीत माग चालवायचा. मागाच्या खडखडाटाने त्याचे कान गेले. अगदी बहिरा झाला नव्हता, पण बासरी, सतार, हळू म्हटलेलं गाणं यातलं त्याच्यापर्यंत काही पोचायचं नाही. माणसं काय बोलतात ते तो ओठांवरून ओळखायचा. बाळासो त्याच्याशी बोलताना तोंड समोर धरून बोलत.

असा माणूस प्रोजेक्टर कसा चालवणार, असं तुम्हाला वाटेल. बाळासोंनाही वाटलं होतं. ईश्वरप्पा मला हाताने ऐकायचा. खेळ सुरू झाला की डावा हात माझ्या कुशीवर ठेवायचा आणि शेवटपर्यंत काढायचा नाही. पट्टा सैल झाला, फिल्मचा वळसा सुटला, भिंगामागच्या खिडकीत कचरा अडकला, की माझी थरथर बदलते. त्याच्या तळव्याला ते तिथल्या तिथे कळायचं. चांगल्या कानांच्या ऑपरेटरांच्या हाती फिल्म फाटायच्या, ईश्वरप्पाच्या हाती नाही. खेळाआधी तो मला विभूतीची तीन बोटं ओढायचा, आधी मला आणि मग स्वतःला. हा क्रम त्याने कधी मोडला नव्हता.

माझं कौतुकही झालं. नातेपुत्याच्या बाजारात मथुराबाई नावाच्या एका म्हातारीने पडद्याकडे पाठ करून अख्खा खेळ माझ्याकडे बघत काढला. "चित्र तितं न्हाई, हितं हाय," असं तिने शेजारणीला सांगितलं. इतकं नेमकं माझ्याविषयी दुसरं कुणी बोललेलं नाही.

तर तो डबा. पार्सल ऑफिसात दोन डब्यांची अदलाबदल झाली होती. आमची देवी पुण्याच्या एका फिल्म क्लबाकडे गेली आणि त्यांचं रीळ आमच्याकडे आलं. नवं रीळ आलं की गोदामाचं दार लावून एकदा चालवून बघायचं, ही आमची रीत. ईश्वरप्पाने दार लावलं, दिवा लावला, हात माझ्यावर ठेवला.

पडद्यावर चार गोरी पोरं आली. तीन मुलगे आणि ढोल बडवणारी एक मुलगी. कपडे फाटके, ते सेफ्टी पिनांनी जोडलेले. गाणारा हडकुळा होता आणि गात नव्हता, ओरडत होता. समोरची माणसं जागच्या जागी उड्या मारत होती, मधूनच कुणी थुंकत होतं. निवेदक सारखा 'पंक' हा शब्द म्हणत होता. चित्रावरून एवढं कळत होतं, की या पोरांना कुणी सभागृहात उभं करत नाही आणि त्यांची गाणी त्यांच्या गल्लीबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाहीत. पण ज्यांना ठाऊक होती ती माणसं पावसात भिजत दाराशी थांबलेली दिसत होती.

माझ्या मते तो गोंगाट होता. आजही माझं मत तेच आहे.

ईश्वरप्पाने मान वर केली. पडद्याखालच्या स्पीकरच्या पेटीकडे तो बघत राहिला. मग त्याने माझ्यावरचा हात काढला, चालत पेटीपाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही तळवे पेटीला लावले. मला चालू ठेवून तो असा कधीच उठला नव्हता. रीळ संपलं, फिल्मचं टोक माझ्या चाकावर फटफट आपटत राहिलं, तरी तो तिथेच होता.

बाळासो आले तेव्हा त्याचा चेहरा पाहून काय झालं म्हणून विचारू लागले. ईश्वरप्पा म्हणाला, "सावकार, मला गाणं ऐकू आलं."

बाळासोंना हे पटेना. ते म्हणाले, देवीच्या पिक्चरमधली इतकी गोड गाणी तुला ऐकू येत नाहीत आणि हा पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज ऐकू येतो, हे कसलं गाणं. डब्यावरचं इंग्रजी त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं. डॅम्प मॅचेस. म्हणजे सर्दलेल्या काड्या.

"नावच सांगतंय की," बाळासो म्हणाले. "पेटायच्या न्हाईत."

ईश्वरप्पाने नाव तेवढं उचललं. त्या दिवसापासून ती चौघं त्याच्या तोंडी 'आमच्या काड्या' झाली. मी दहा वर्षं त्याच्याजवळ होतो. मला तो मशीन म्हणायचा, आमची मशीन असं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

पुण्याच्या क्लबाला निरोप गेला, पण देवी तिकडून कुठल्यातरी दुसऱ्या गावी पुढे गेली होती. ती परत येईपर्यंत काड्यांचा डबा आमच्याकडेच राहिला. बाळासोंनी देवीची दुसरी प्रत मिळवली आणि तंबू निघाला. जिथे जाऊ तिथे दुपारी जनरेटर तपासायचा असतो. त्या निमित्ताने ईश्वरप्पा काड्या लावायचा. दिवसा तंबूत उजेड शिरतो, चित्र फिकट दिसतं. माझं काम निम्मं वाया जायचं आणि पेटीचं पुरेपूर व्हायचं. त्यात एक जागा अशी होती, की गाणं चालू असताना ती पोरं गातात तिथली वीज जाते. पडदा काळा होतो. सगळे थांबतात आणि ती मुलगी एकटी अंधारात ढोल बडवत राहते. माझा दिवा जळतोय, चाकं फिरताहेत आणि दाखवायला काहीही नाही. ईश्वरप्पाची सगळ्यात आवडती जागा ती. डोळे मिटून, गाल पेटीला लावून तो ती घ्यायचा.

फेब्रुवारीत त्याने आणखी एक बदल केला. विभूतीची बोटं आधी डब्याला ओढली आणि मग मला.

वळसंगच्या जत्रेत जे घडलं ते सांगतो. टुरिंग टॉकीजमध्ये दुसऱ्या पिक्चरचं गाणं मध्येच जोडून दाखवणं ही जुनी चाल आहे. लोकांना आवडतं आणि मालकही हरकत घेत नाहीत. ईश्वरप्पाने काड्यांमधला एक तुकडा कापला आणि इंटरव्हलनंतर देवीत जोडला. एकट्याने ऐकून त्याचं पोट भरेना. आणखी कुणीतरी ऐकायला हवं होतं.

मित्रांनो, फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारी शेजारी नसतात. माझ्या पोटात फिल्म आधी चित्राच्या खिडकीतून जाते आणि मग आवाजाच्या दिव्यापाशी पोचते. मध्ये एखाद्या सेकंदाचा वेळ जातो. म्हणून जोडाच्या जागी चित्र बदललं तरी आवाज क्षणभर मागचाच राहतो. ऑपरेटर ती जागा ऐकून निवडतो आणि तिथली आवाजाची पट्टी काळी करतो. ईश्वरप्पाने काड्यांच्या प्रेमाच्या भरात ते केलं नाही, आणि केलं नाही हे त्याला ऐकूही आलं नाही.

तंबूत बायका पुढे बसल्या होत्या. काड्यांचा तुकडा सुरू झाला तेव्हा लोक एकमेकांकडे बघू लागले. मग कुणी हसलं, कुणी शीळ घातली. तुकडा संपता संपता गाणारा पुढच्या गाण्यासाठी आकडे मोजतो. त्याच वेळी पडदा बदलला. देवी सिंहासनावर आली, तिने हात वर केला, आशीर्वादासाठी तोंड उघडलं आणि देवीच्या तोंडून हडकुळ्या पोराच्या आवाजात वन टू थ्री फोर असं निघालं.

पहिल्या रांगेतल्या गुरम्माने जोडलेले हात तसेच ठेवून शेजारणीला विचारलं, "देवी काय मागायलीय गं?"

जत्रा कमिटीचे चनबसप्पा तंबूच्या मागे आले. आवाज चढवला नाही. ईश्वरप्पासमोर उभे राहून, त्याला ओठ दिसतील असं, त्यांनी विचारलं, "ईश्वरप्पा, आमच्या देवीला इंग्लिश कुणी शिकवलं?" बाळासोंनी नारळ फोडला, माफी मागितली, तुकडा काढून टाकायचं कबूल केलं. ईश्वरप्पा खाली मान घालून उभा होता. दुसऱ्या दिवशी पाळण्यापाशी पोरं वन टू थ्री फोर म्हणून उड्या मारत होती. ती बघून तो हसला आणि बाळासोंनी त्याला हसताना पाहिलं. काड्या पुन्हा लोकांसमोर आल्या तर तुला घरी बसवीन, असं त्यांनी त्याला तिथेच बजावलं.

मला वाटलं, आता संपलं. तसं झालं नाही.

मे महिन्यात आम्ही सांगोल्यात होतो. टँकरचं पाणी, दुपारी चिटपाखरू नाही. बाळासो नातेपुत्याला गेले होते. जोतीराम नावाचा एक मेंढपाळ कळप बाभळीखाली बसवून सावलीला तंबूत यायचा. एक माणूस म्हणजे काही लोक नव्हेत, असं ईश्वरप्पाने स्वतःला समजावलं असावं. तो रोज दुपारी काड्या लावू लागला आणि जोतीराम रोज येऊ लागला. पडद्यावरच्या मुलीच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, त्याविषयी जोतीरामने एकदा विचारलं. ईश्वरप्पा म्हणाला, "माग चालवणाऱ्याच्या बोटाला बी असत्यात. जोरात काम केलं की फुटत्यात."

त्या दिवसांत माझा पट्टा सैल झाला होता. उन्हाने रबर ताणलं होतं. मी हिसके देत होतो, कुशीची थरथर बदलली होती. पूर्वीचा ईश्वरप्पा असता तर पहिल्याच खेळात पेचकस घेऊन बसला असता. पण संध्याकाळच्या खेळालाही आता त्याचा हात माझ्यावर जेमतेम टेकलेला असायचा. लक्ष पेटीकडे.

तिसऱ्या दुपारी पट्टा घसरला. फिल्म खिडकीत थांबली. दिवा जळत होता. थांबलेल्या फिल्मवर दिवा जळत राहिला तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक नसेल. मधोमध एक तपकिरी ठिपका येतो, तो फुगतो, कडा उकळल्यासारख्या हलतात. मुलीने ढोलाचं टिपरू वर उचललं होतं. ठिपका तिच्या कपाळावर आला.

ईश्वरप्पा पेटीपाशी डोळे मिटून होता. आवाज बंद झाला तेव्हा वीज जाण्याची ती आवडती जागा आली आणि आता एकटा ढोल सुरू होईल, असं त्याला वाटलं की काय, कोण जाणे. जोतीरामने त्याचा खांदा हलवला आणि पडद्याकडे बोट केलं. "मामा, बाई जळाली."

तो धावत आला. दिवा बंद केला. घाईत त्याने तळवा माझ्या दिव्याच्या झाकणावर ठेवला आणि त्याला चटका बसला. तरी हात काढला नाही. जानेवारीपासून पहिल्यांदा तो पूर्ण हात होता. तो माझ्याशी बोलला. यंत्राशी बोलणारा माणूस तो नव्हता.

"सांगायचंस की," तो म्हणाला.

मी तीन दिवस तेच करत होतो. हे त्याला कळवण्याचा माझ्यापाशी एकच मार्ग होता आणि त्याच मार्गावरून तो उठून गेला होता. फिल्म जळाल्याचं मला वाईट वाटलं नाही. त्याच्या हाताचं वाटलं.

जळका भाग कापून त्याने जोड दिला. आता मुलगी टिपरू उचलते आणि ते खाली येताना दिसत नाही. तेवढ्यात बाळासो परतले, झालेलं त्यांना कळलं. देवीही पुण्यात परत आली होती. बाळासोंनी ठरवलं, डबा पार्सलने पाठवून द्यायचा. ईश्वरप्पा म्हणाला, मी स्वतः घेऊन जातो. जळालेलं मी सांगायला पाहिजे. आणि काड्यांचं दुसरं काही त्यांच्याकडं असलं तर बघून येतो.

पाऊस तोंडावर होता. जाण्याआधी त्याने मला गोदामात नीट ठेवलं. तेल दिलं, भिंग पुसलं, कापराच्या वड्या टाकल्या, एक जुनी चादर गुंडाळली. पट्टा उतरवून बाजूला ठेवला, नवा घेऊन येतो म्हणाला. डब्यालाही चादर गुंडाळली. ती कोरी होती, घडी न मोडलेली.

जूनमध्ये तो गेला. आमची देवी पार्सलने सोलापुरात आली. ईश्वरप्पा आला नाही.

खंडेनवमीला माझी पूजा मल्लप्पाने केली. हा नवा ऑपरेटर. माणूस वाईट नाही, कान उत्तम आहेत. मला तो लांबून ऐकतो, विडी ओढत. धूळ सायकलच्या पंपाने उडवतो. जुनाच पट्टा त्याने गाठ मारून चढवला आहे. गाठ चाकावरून जाताना दर वेळी टक वाजतं. त्याची त्याला सवय झाली आहे. हंगाम सुरू झाला, मी चालतो आहे. माझ्या कुशीवर कुणी हात ठेवलेला नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला ईश्वरप्पाची बायको नागम्मा गोदामात आली. ती घरी विड्या वळते. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. बाळासोंनी नवऱ्याची चौकशी केली तेव्हा तिने सांगितलं, की क्लबवाल्यांनी त्याला ठेवून घेतलं आहे. त्यांची मशीन तो चालवतो. काड्यांचं दुसरं पिक्चर परदेशातून यायचं आहे, त्याची तो वाट बघतोय. वर्ष संपायच्या आत येईल. ते घेऊन तो सोलापूरला येणार आहे.

त्यांची मशीन. मी ते दोनदा ऐकलं असतं तरी मला पटलं नसतं.

"तुला तिकडं न्हाई बोलावलं?" बाळासोंनी विचारलं.

नागम्मा हसली. "मला कशाला? आधी ही हुती, आता त्या काड्या." ती माझ्यापाशी आली. दोन जत्रांच्या मध्ये आम्ही गोदामात परतलो होतो, माझ्यावर चादर होती. "हीच का ती मशीन? धा वर्सं रोज हिच्या अंगावर हात टाकून बसायचा. घरी आला की हात दुखतोय म्हणायचा. लगीन झाल्यापासनं मला एकदा इचारलं न्हाई, नागम्मा, तुझं काय दुखतंय का. माझी पहिली सवत ही."

मित्रांनो, दहा वर्षांत हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. ज्या हाताच्या मागे मी जवळजवळ वर्षभर जळत होतो, त्याच हाताची कुणी दहा वर्षं वाट बघत होतं.

तिने चादरीचं टोक उचलून बघितलं. "चादर माझी हाय," ती बाळासोंना म्हणाली. "माझ्या माहेरची." बाळासोंनी ती घेऊन जायला सांगितलं. तिने टोक पुन्हा माझ्याखाली खोचलं आणि निघून गेली.

मला मत्सर वाटायचा थांबला असं मी सांगणार नाही. पण तुमच्याकडे काही मागायचं झालं तर ते मागतो. तुमच्या घरात शिवणयंत्र असेल, पाण्याचा पंप असेल, आईचं जातं असेल. ते बिघडण्याआधी सांगतं. फक्त मोठ्याने सांगत नाही. त्याच्यावर अधूनमधून हात ठेवा. आणि नवं काही आवडलं, तर ते जरूर आवडू द्या, पण उठण्याआधी ज्याच्यावर हात होता त्याचा पट्टा एकदा बघा. माणसांच्या बाबतीतही हेच खरं असावं. मी माणसांना तंबूच्या अंधारातून पाहिलं आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

आज डिसेंबरची एकतीस तारीख, गड्ड्याच्या जत्रेसाठी आम्ही सोलापुरात आहोत. सकाळी मल्लप्पा पार्सल ऑफिसातून एक डबा घेऊन आला. पुण्याहून आला आहे. वर बाळासोंच्या टॉकीजचा पत्ता आणि ईश्वरप्पाचं नाव. बरोबर माणूस नव्हता. डबा गाडीत कुणी चढवला, तो माणूस मागून येतोय की नाही, हे पार्सल ऑफिसात कुणाला सांगता आलं नाही. नागम्माकडे निरोप धाडला, तिलाही काही माहीत नाही.

मल्लप्पाने विचारलं, लावून बघू का. बाळासो म्हणाले, "हात लावू नको. ज्याचं नाव हाय त्यो येऊ दे."

डबा माझ्यासमोरच्या फळीवर ठेवला आहे. संध्याकाळची पुण्याची गाडी येऊन गेली. गोदामाचं दार अजून कुणी वाजवलेलं नाही.